गाडी जागेवरच, पण सायलेन्सर गायब: चोरांना गाडीखालचं नेमकं काय हवं असतं आणि ते वाचवायचं कसं?

समजा, सकाळचे सहा वाजलेत. वडवणीतल्या एका गल्लीत घरासमोर इको उभी आहे. शाळेची मुलं घ्यायला निघायचंय, म्हणून मालक चावी फिरवतो. इंजिन सुरू होतं आणि अख्खी गल्ली जागी होते. आवाज ट्रॅक्टरसारखा. काच फुटलेली नाही, दाराचं लॉक तुटलेलं नाही, बॅटरी जागेवर आहे, आतला टेपसुद्धा जागेवर आहे. मालक खाली वाकून बघतो, तेव्हा कळतं की इंजिनापासून मागे जाणारा पाइप मध्येच संपलाय.

गेल्या काही वर्षांत पुणे, नाशिक आणि मुंबई-ठाणे परिसरातल्या इको मालकांच्या वाट्याला हा प्रकार वारंवार आला आहे. गुजरातमध्येही अशा टोळ्या पकडल्या गेल्या. 'इकोचे सायलेन्सर चोरणारी टोळी जेरबंद' ही बातमी आता इतकी नेहमीची झाली आहे की आपण ती स्क्रोल करून पुढे जातो. पण बीड-परळी रस्त्यावरच्या आपल्या भागात इको म्हणजे कुणाची शाळेची गाडी, कुणाची भाड्याची, कुणाची दूध नाहीतर भाजी वाहायची गाडी. अशा घरात सायलेन्सर गेला की नुसता पार्ट जात नाही, गाडी उभी राहते आणि रोजचा पैसाही थांबतो.

म्हणून चोराला नेमकं काय हवं असतं, ते इतकं महाग का आहे, आणि रात्री गाडी उभी करताना आपण काय करू शकतो, हे नीट समजून घेऊ.

चोरी सायलेन्सरची नसतेच

आपण सगळे 'सायलेन्सर चोरीला गेला' असं म्हणतो, पोलिसांच्या नोंदीतही तोच शब्द येतो. पण आवाज कमी करणारा तो मागचा डबा चोराच्या फारशा कामाचा नसतो. त्याला हवा असतो त्याच पाइपवर इंजिनाच्या बाजूला बसवलेला दुसरा डबा. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

या डब्यात चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी शेकडो बारीक भोकं असतात. इंजिनातून निघालेला धूर या भोकांतून जातो. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. प्लॅटिनम आणि पॅलेडियम धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतात आणि अर्धवट जळालेल्या पेट्रोलच्या वाफा जाळून टाकतात. रोडियम नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन वेगळा करून साधा नायट्रोजन बाहेर सोडतो. हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. गाडी दहा वर्षं चालली तरी ते बऱ्याच अंशी तिथेच असतात, आणि चोराला नेमकं हेच आवडतं.

इकोच्या चोऱ्यांच्या बातम्यांमध्ये 'माती' हा शब्द सारखा येतो. आरोपी सायलेन्सरमधली माती काढून विकायचे, असं पोलीस सांगतात. ही माती म्हणजे तोच सिरॅमिकचा ठोकळा, फोडून चुरा केलेला. दिसायला राखाडी, विटेच्या भुग्यासारखा. रस्त्यावर सांडला तर कुणी झाडूनही घेणार नाही.

मातीचा भाव

एका कन्व्हर्टरमध्ये या तिन्ही धातूंचं मिळून वजन जेमतेम काही ग्रॅम भरतं. एवढ्याशासाठी कोण रात्री गाडीखाली झोपेल, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर भावात आहे.

मार्च २०२१ मध्ये रोडियमचा आंतरराष्ट्रीय भाव एका औंसाला जवळपास ३० हजार डॉलरपर्यंत गेला होता. हा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. तेव्हाच्या डॉलरच्या दराने हिशोब केला तर एक ग्रॅम रोडियम साधारण ७० हजार रुपये. त्याच महिन्यात सोनं ग्रॅमला साडेचार हजारांच्या आसपास होतं. पॅलेडियमनेही मार्च २०२२ मध्ये, रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, औंसाला ३ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला. जगातलं बहुतेक रोडियम दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून येतं आणि पॅलेडियमचा मोठा वाटा रशियातून. तिकडे काही खुट्ट झालं की भाव हलतो. त्याचा धक्का महाराष्ट्रातल्या एखाद्या गल्लीतल्या गाडीला बसतो, हे ऐकायला अजब वाटतं, पण साखळी खरोखर तशीच आहे.

मागणी वाढण्याचं दुसरं कारण प्रदूषणाचे नियम. भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि धूर आणखी स्वच्छ करणं कंपन्यांना भाग पडलं. इतर देशांतही नियम कडक होत गेले. जगभर या धातूंना गिऱ्हाईक वाढलं, खाणी मात्र तेवढ्याच राहिल्या.

रोडियमचा भाव नंतर कोसळला. २०२३ च्या अखेरीस तो औंसाला ५ हजार डॉलरच्या खाली होता. मग चोऱ्या थांबायला हव्या होत्या. तसं झालं नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण सोपं आहे. एकदा कुठली गाडी घ्यायची, कुठला नट सोडायचा आणि माल कुणाला द्यायचा हे टोळ्यांना माहीत झालं की भाव अर्ध्यावर आला तरी धंदा परवडतो. चोराचं भांडवल म्हणजे एक पाना.

सगळ्यात जास्त संतापजनक भाग नुकसानीचा. चोराला त्या चुऱ्याचे जेवढे पैसे मिळतात, त्याच्या कितीतरी पट मालकाला नवा भाग बसवायला मोजावे लागतात. शिवाय पाइप कापला असेल तर सेन्सर आणि वायरिंगचं काम वेगळंच.

इकोच का?

मारुतीची इको २०१० मध्ये बाजारात आली. हिचं इंजिन बॉनेटखाली नाही, पुढच्या सीटखाली आहे, आणि मागची चाकं गाडी ओढतात. त्यामुळे धुराचा पाइप आणि कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली, हात पोचेल अशा जागी येतात. बऱ्याच नव्या छोट्या कारमध्ये कन्व्हर्टर थेट इंजिनाला चिकटून, बॉनेटच्या आत असतो. तिथपर्यंत खालून पोचणं कटकटीचं काम आहे.

दुसरं कारण म्हणजे इको सगळीकडे आहे. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, कुरिअर, दूध, पाण्याचे जार, वऱ्हाडाची ने-आण. आणि ती बहुतेक वेळा उघड्यावर उभी असते. लाखो रुपयांच्या एसयूव्हीला बंगल्याचं गेट मिळतं. इकोला मिळतो गल्लीचा कोपरा.

अमेरिकेत हीच गत टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीची झाली. तिचं इंजिन अर्धा वेळ बंद असल्याने आतला धातू कमी झिजतो, म्हणून चोर ती शोधून काढायचे. तिथल्या नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्यूरोच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये कन्व्हर्टर चोरीच्या १,२९८ घटना होत्या. २०२१ मध्ये त्या ५२,२०६ झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणांनी नऊ राज्यांत कारवाई करून २१ जणांना अटक केली किंवा त्यांच्यावर आरोप ठेवले आणि ५४ कोटी ५० लाख डॉलरची मालमत्ता जप्त करण्याची मागणी कोर्टात केली. गाडीखाली शिरणारा चोर या साखळीतला सगळ्यात गरीब माणूस असतो. पैसा असतो चुरा विकत घेणाऱ्यांकडे आणि तो वितळवणाऱ्यांकडे. ब्रिटनने हेच ओळखून भंगार धातू रोखीने विकत घ्यायलाच बंदी घातली, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा माग राहतो.

गाडी उभी करताना

आता कामाचं. एक गोष्ट आधीच सांगते: या चोरीवर शंभर टक्के उपाय नाही. चोराला गाडीखाली शिरायला जागा, थोडा अंधार आणि काही मिनिटांचा वेळ लागतो. यातलं काहीही कमी झालं तरी तो बहुतेक वेळा पुढच्या गाडीकडे वळतो. सगळा खेळ एवढाच आहे. आणि यातला सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे. तो म्हणजे उभं करण्याची जागा.

आपल्याकडे रस्ता अरुंद असला की एका बाजूची चाकं ओट्यावर किंवा फरशीवर चढवून गाडी लावायची सवय असते. त्यामुळे त्या बाजूला गाडी वर उचलली जाते आणि जॅक न लावताच खाली शिरायला जागा होते. तसंच नालीचं. गल्लीतल्या उघड्या नालीवर गाडी अर्धी आत घेऊन उभी केली की खालचा खड्डा चोरासाठी गॅरेजच्या पिटसारखा होतो. बसून काम करता येतं. चारही चाकं सपाट जमिनीवर हवीत.

मग भिंत. पाइप ज्या बाजूने जवळ पडतो, ती बाजू भिंतीला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवा. कुठली बाजू ते तुमच्या गाडीखाली दिवसा एकदा टॉर्च लावून बघा, किंवा मिस्त्रीला दाखवायला सांगा. दुसऱ्या बाजूला मोटारसायकल, ट्रॉली, काहीही आडवं लावता आलं तर आणखी चांगलं. गल्लीत दोन-तीन इको असतील तर त्या एकमेकींना खेटून लावा. एकीखाली शिरायचं तर दुसरीच्याही खालून यावं लागेल.

इथे एक धोका लक्षात ठेवा, कारण तो आपल्याच भागातला आहे. अडोसा म्हणून काही जण गाडी कडब्याच्या गंजीला किंवा उसाच्या पाचटाला लागून उभी करतात. चाललेल्या गाडीचा कन्व्हर्टर काही शे अंश सेल्सिअस तापलेला असतो. वाळलेलं पाचट त्याला लागलं तर पेट घेऊ शकतं. चोरापासून वाचवलेली गाडी आगीत जायला नको.

अडकवा, म्हणजे वेळ लागेल

बाजारात इकोसाठी खास सायलेन्सर गार्ड मिळतात. हे लोखंडी पत्रे किंवा पट्ट्या कन्व्हर्टरभोवती बसतात आणि वेगळ्या घडणीच्या बोल्टने आवळले जातात, जे साध्या पान्याने सुटत नाहीत. काही बोल्ट आवळल्यावर त्यांचं डोकंच तुटून पडतं, मग पान्याला पकडायला काही उरत नाही. गावातला फॅब्रिकेशनवाला लोखंडी सळ्यांची जाळीही करून देतो आणि ती बऱ्याचदा स्वस्त पडते.

नटावर वेल्डिंगचा टाका मारून घेणं हा सगळ्यांत गावरान आणि बराच चालणारा उपाय. पण तो करण्याआधी चार गोष्टी बघा. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. पेट्रोलची नळी जवळून जाते, आणि सीएनजीची गाडी असेल तर हे काम रस्त्याकडेच्या दुकानात करूच नका, त्या कामाची माहिती असलेल्या ठिकाणी न्या. टाका नटावर मारायचा, कन्व्हर्टरच्या डब्यावर नाही. आतला सिरॅमिक उष्णतेने तडकतो आणि मग चोराच्या आधी वेल्डरनेच तो घालवलेला असतो. आणि पुढे क्लचचं वगैरे काम निघालं तर मिस्त्रीला पाइप सोडवावा लागू शकतो. तेव्हा हा टाका ग्राइंडरने कापावा लागेल, त्याचे पैसे तुमचे. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं.

जाळी बसवताना ती डब्याला घट्ट चिकटवू नये. हवा खेळायला हवी, आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर जाळीच्या कडेवर घासता कामा नये.

सेंट्रल लॉकिंग आणि साधा अलार्म या चोरीत कामाला येत नाही. तो दार उघडलं तर वाजतो, गाडीखाली काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. अलार्म घ्यायचाच तर गाडी हलली किंवा कलली की वाजणारा घ्या. मात्र रात्री कुत्रं चाकाला टेकून बसलं तरी तो बोंब मारू शकतो. आठवडाभरात शेजारी तुम्हाला तो बंद करायला लावतील, हे गृहीत धरा.

कॅमेऱ्याचंही असंच. बहुतेक घरांचा कॅमेरा दाराकडे तोंड करून असतो, गाडीचं फक्त छत दिसतं. या चोरीत छताचा काय उपयोग? कॅमेरा कमरेएवढ्या उंचीवर, गाडीची बाजू आणि खालची जमीन दिसेल असा हवा. रात्री वीज जाते तिथे कॅमेऱ्याला इन्व्हर्टरची जोड नसेल तर नेमक्या वेळी तो आंधळा होतो. त्यापेक्षा हालचाल झाली की पेटणारा सोलर दिवा स्वस्त पडतो आणि तो विजेच्या भरवशावर नसतो.

नंबर कोरून ठेवा

कन्व्हर्टरच्या बाहेरच्या धातूच्या डब्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या. आपल्याकडे एमएच-२३ नाहीतर एमएच-४४ ने सुरू होणारा जो असेल तो. शेजारी चॅसिस नंबरचे शेवटचे सहा आकडे. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे असतं तसं कोरायचं यंत्र यासाठी पुरतं; वरवर कोरायचं, खोल नाही. काम गाडी पूर्ण थंड झाल्यावर करायचं. त्यावर उष्णता सहन करणारा भडक रंग मारता आला तर खाली वाकून बघणाऱ्याला तो लगेच दिसतो. मग मोबाइलवर फोटो काढून घरातल्या कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

याची मर्यादाही सांगायला हवी. चोराने डबा फोडून चुरा काढला की नंबरचा संबंध संपला. मातीवर कुणाचं नाव नसतं. पण चोरलेले डबे अख्खे सापडले तर हा तुमचाच हे सांगणारी खूण तेवढीच असते. अनेक गाड्यांचे सायलेन्सर एका जागी जप्त होतात, तेव्हा कुठला कुणाचा हे ठरवणं पोलिसांनाही जड जातं.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर

वडवणी, धारूर, माजलगाव, केज या पट्ट्यातली हजारो माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे घरात म्हातारी माणसं आणि दारात उभी गाडी. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्यांचीही हीच कथा. अशी गाडी चोराला दिवसाढवळ्याच कळते, चाकांखाली गवत वाढलेलं असतं आणि काचेवर धूळ.

चोरी होऊन दोन महिने झाले तरी कळत नाही, हा यातला मोठा तोटा. मग तक्रार उशिरा होते आणि विमा कंपनी प्रश्न विचारते. गाडी ठेवून जायचंच असेल तर गोठ्यात किंवा कुलूपबंद शेडमध्ये ठेवा. ते जमत नसेल तर नात्यातल्या कुणाला आठवड्यातून एकदा गाडी चालू करायला सांगा. बॅटरीही शाबूत राहते, आणि पाइप गेलेला असेल तर पहिल्या झटक्यात ऐकू येतं.

ज्या गावांत ग्रामसुरक्षा दल आहे तिथे रात्रीच्या फेरीवाल्यांना एवढंच सांगून ठेवा: उभ्या गाडीशेजारी दुसरी गाडी इंजिन चालू ठेवून थांबली असेल, किंवा कुणी 'गाडी बंद पडलीय' म्हणून खाली झोपलेलं दिसलं, तर जवळ न जाता नंबर टिपायचा आणि ११२ वर फोन करायचा. अंगावर जायचं नाही. त्यांच्या हातात लोखंडी पाना असतो आणि ते एकटे नसतात. उलटही खरं आहे. खरोखर गाडी बंद पडलेल्या वाटसरूला चोर समजून मारहाण झाल्याच्या घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. म्हणून फोन आधी.

चोरी झालीच तर

पहिली गोष्ट: गाडी चालवू नका. नुसता आवाजच तर येतोय, गॅरेजपर्यंत नेऊ, असं वाटेल. पण इकोमध्ये इंजिन सीटखाली आहे आणि तुटलेल्या पाइपातून निघणारा गरम धूर थेट माणसांच्या खालून येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत मुलं असतील तर अजिबात नाही. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी ओढून न्या.

हात लावण्याआधी फोटो काढा: कापलेली टोकं, लोंबणाऱ्या वायरी, जमिनीवर पडलेले नट, चाकांचे ठसे. मग पोलीस ठाणे. 'सायलेन्सरच तर आहे' म्हणून नुसता अर्ज घेऊन परत पाठवलं, तर नम्रपणे एफआयआरचाच आग्रह धरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं.

कलमांचं बोलायचं तर साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनातून वस्तू चोरली तर कलम ३०५ येतं आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून तुमची गाडी शाळेची किंवा भाड्याची असेल तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा. कलम कोणतं लावायचं ते पोलीस ठरवतील, पण ही माहिती त्यांच्यासमोर असायला हवी.

विमा मिळतो का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर त्यात चोरी येते. पण हातात पूर्ण रक्कम पडेल असं समजू नका. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापण्याची रूढ पद्धत आहे: तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांवर ५० टक्के. झिरो डेप घेतलं असेल तर ही कपात टळते. दावा केला की नो क्लेम बोनसही जातो, म्हणून आधी बेरीज-वजाबाकी करा.

खरी गोम वेगळीच आहे. आपल्याकडे पांढऱ्या नंबर प्लेटच्या कितीतरी इको शाळेची मुलं आणि प्रवासी वाहतात. खासगी म्हणून विमा आणि वापर भाड्याचा, हे उघड झालं की कंपनी दावा नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका प्रकरणात वापराची अट मोडली असतानाही दाव्याची काही रक्कम द्यायला लावली होती, पण त्यासाठी त्या मालकाला दिल्लीपर्यंत लढावं लागलं. उशिराचंही तसंच. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्हटलं की गाडी चोरीला गेल्यावर पोलिसांत लगेच तक्रार केली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही. तरीही त्याच दिवशी फोन करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती करू नका. दावा अन्यायाने नाकारला असं वाटलं तर बीडकरांसाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे तक्रारीला शुल्क नाही.

स्वस्तातला पाइप

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर आणायची असते, आणि इथेच दोन पर्याय समोर येतात. कुणी सांगतं, डबाच नको, साधा पाइप टाकून देतो. कुणी सांगतं, जुना सायलेन्सर आहे, निम्म्या किमतीत देतो, बिल नाही.

साध्या पाइपाने गाडी चालते. पण चांगला कन्व्हर्टर विषारी वायूंचं प्रमाण साधारण ९० टक्क्यांपर्यंत कमी करत असतो, ते सगळं आता शाळेच्या गेटसमोर सुटणार. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटून राहतो. पीयूसीत अडकू शकता, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बिनबिलाचा जुना डबा त्याहून वाईट. तो आतून रिकामा असू शकतो. हलवून बघा, काही खुळखुळत असेल तर आतला ठोकळा फुटलेला असतो, आणि टॉर्च मारल्यावर पोळ्यासारखी जाळी दिसली नाही तर आत माती उरलेलीच नाही. आणि तो भरलेला निघाला, तर प्रश्न उरतो की तो कुणाच्या गाडीचा? चोरीचा माल आहे असं वाटण्यासारखं असूनही घेतला तर कलम ३१७ खाली घेणाराही आरोपी होतो. घ्यायचाच तर जीएसटीचं बिल घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, आणि बसवून घरी येण्याआधी त्याच गॅरेजमध्ये डब्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या.